विदर्भाच्या उन्हात परसबाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर वर्धा जिल्ह्यात. मागच्या दारी १० बाय २० फुटांचा परस, काळी जमीन, कोपऱ्यात कडुनिंब, आणि नळ एक दिवसाआड. दर उन्हाळ्यात शेजारपाजारचे, नात्यातले आणि पुण्याला राहणारी पुतणी असे सगळे मिळून जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं विदर्भातल्या कोरड्या, भट्टीसारख्या उन्हाची आहेत. कोकणातल्या दमट उन्हाळ्याला किंवा पुण्याच्या हवेला ती जशीच्या तशी लागू करू नका.

४५ अंशांत भाजी होते तरी का?

होते, पण सगळी होत नाही, आणि लोकांची फसगत नेमकी तिथेच होते. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. तसल्या हवेत रोप जिवंत राहणं ही एक गोष्ट आणि त्याला फळ धरणं ही दुसरी. मुळाला ओल आणि डोक्यावर थोडी सावली असली की बरीच रोपं तग धरतात, पण फुलातला पराग त्या उष्णतेत निकामी होतो. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळी परसबागेचे दोन भाग धरायचे. मार्च ते एप्रिलचा मध्य हा खाण्याचा काळ, आणि तिथून मृगापर्यंत सांभाळण्याचा. दुसऱ्या भागात चार भेंड्या आणि मूठभर पालेभाजी मिळाली तरी मी खूश असते.

मग लावायचं काय?

गवार, भेंडी, बरबटी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ढेमसं (टिंडा), काकडी, दोडकं, कारलं, दुधी. पालेभाज्यांत चवळई, लाल माठ, अंबाडी, घोळ. पहिल्यांदाच करत असाल तर फक्त गवार, भेंडी आणि चवळई लावा, वेलांच्या मागे पुढच्या वर्षी लागा.

या सगळ्यांत गवारीइतकं सोशिक दुसरं काही नाही. तिला लाड चालत नाहीत. पाणी जास्त झालं की नुसता पाला वाढतो आणि शेंगा रुसतात. 'पुसा नवबहार' हे वाण सरळ एका खोडावर वाढतं, त्यामुळे लहान जागेत सोयीचं. ढेमसं मात्र कोवळं असतानाच तोडा. दोन दिवस उशीर झाला की बी टणक होतं आणि घरातली मुलं ते ताटाच्या कडेला काढून ठेवतात.

चिवळीची भाजी पेरायचीही गरज नाही. आमच्याकडे ती वाफ्याच्या कडेला आपोआप उगवते. सासूबाई खुरपताना तण एका हाताला आणि चिवळ दुसऱ्या हाताला टाकतात. संध्याकाळी त्या दुसऱ्या ढिगाचे फुणके, म्हणजे डाळ घालून वाफवलेले मुटके, होतात.

बी कधी पेरायचं?

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. एप्रिलमध्ये सुट्ट्या लागल्या की मुलांना घेऊन बी पेरायचा बेत बरेच जण करतात. हौस म्हणून ठीक आहे, पण तेव्हा मातीचा वरचा थर इतका तापतो की कोवळं रोप जमिनीलगतच करपतं. फेब्रुवारीत पेरलेल्या भेंडीचं मूळ एप्रिलपर्यंत खोल गेलेलं असतं आणि तिला वरच्या दोन बोटं कोरड्या मातीचं काही वाटत नाही.

अडचण एवढीच की जानेवारीअखेर आपल्याकडे रात्री गारठा असतो आणि वेलवर्गाचं बी गार मातीत उगवायला आढेवेढे घेतं. कारलं, दोडकं यांचं कवच जाड. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ओल्या सुती फडक्यात बांधा आणि तांदळाच्या डब्यात किंवा फ्रीजच्या वर उबेला ठेवा. तीन-चार दिवसांत मोड दिसला की वाफ्यात लावा. भेंडीला एका रात्रीचं भिजवणं पुरतं.

पालेभाज्या मात्र या नियमातून सुटल्या. चवळई आणि माठ सावलीत, कडुनिंबाखाली, अगदी मे महिन्यातही पेरता येतात. २५ ते ३० दिवसांत कापणी.

टोमॅटोला फुलं खूप आली, पण सगळी गळतात. काय फवारू?

काही फवारू नका. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढे आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोचं फूल फळ न धरता देठापासून सुटतं. दुकानदार 'फूल थांबवायचं' औषध देईल. रात्री गार होईपर्यंत त्याचा फारसा उपयोग नाही.

आधी धरलेली फळं असतील तर ती झाडावर लाल व्हायची वाट पाहू नका. कडक उन्हात लाल रंग नीट तयार होत नाही, देठाजवळ पिवळं राहतं आणि उन्हाच्या बाजूला पांढरा, कागदासारखा डाग पडतो. टोकाला जरा गुलाबी छटा आली की तोडा आणि घरात टोपलीत पिकू द्या. बाकी उन्हाळ्यात भेद्रे, म्हणजे टोमॅटो, बाजारातून आणायचे. त्यात कमीपणा नाही.

रोज पाणी किती?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर वाफ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यात चांगल्या वाढलेल्या भाजीला दिवसाला ५ ते ७ मिलिमीटर लागतं असं धरा. म्हणजे १० बाय १० फुटांच्या वाफ्याला सुमारे ६० लिटर, चार मोठ्या बादल्या. आच्छादन आणि सावली असेल तर यात बचत होते.

पण रोज थोडं थोडं शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय. वरची माती ओली दिसते, मुळं ओलीच्या मागे वर येतात आणि एक दिवस नळ आला नाही की सगळं लोळतं. काळ्या जमिनीत एक दिवसाआड, भरपूर आणि सावकाश द्या. पहाटे दिलं तर उत्तम. दुपारी नळीत साचलेलं पाणी किती तापतं हे एकदा हात लावून पाहा म्हणजे दुपारी का नाही ते कळेल.

काळ्या जमिनीला भेग पडू देऊ नका. भेग पडली की बारीक मुळं तुटतात, आणि पुढचं पाणी मुळांना न भिडता भेगेतून सरळ खाली जातं. पाणी दिल्यावर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की खुरप्याने वरची माती हलकी मोकळी करा.

आणि उन्हाळ्यात गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, नकोत. ते पावसाळ्यासाठी. आता वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोलगट हवा, कडेला मातीची पाळ हवी.

मडकं पुरून पाणी देतात ते खरंच चालतं का?

वेलांसाठी यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. पाचेक लिटरचं, रंग न दिलेलं, चकाकी नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती एक वीत अंतरावर काकडीची किंवा दोडक्याची तीन-चार रोपं. दोन-तीन दिवसांनी भरायचं. जेवढी माती कोरडी तेवढं पाणी जास्त झिरपतं, हिशेब मडकंच ठेवतं.

जुना माठ पुरून पाहिला आणि काही झालं नाही अशी तक्रार येते. साहजिक आहे. ज्या माठात पाणी गार होणं बंद झालं त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. पाणी बाहेर येत नाही म्हणूनच ते गार होत नव्हतं. तो माठ जमिनीतही पाझरणार नाही. नवीन घ्या. आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर डासांची सोय होते.

कूलरचं, आरओचं, धुण्याभांड्याचं पाणी चालेल का?

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी नको. दिवसभर पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर आणि जाळीवर जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. एका वर्षी मी रोज टाकीचं पाणी मिरच्यांना घातलं, पाणी वाचवल्याचं समाधान मिळवलं. तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मातीवर मिठासारखा थर आला. ती चार झाडं गेली. आता ते पाणी अंगणात सड्याला जातं.

आरओमधून बाहेर पडणारं पाणीही खारटच. फार टंचाई असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून, तेही अधूनमधून. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. आंघोळीचं पाणी साबण कमी असेल तर वेलांच्या मुळाशी चालतं, पालेभाजीवर नको. कपड्यांच्या पावडरचं पाणी कशालाच नको.

ग्रीन नेट कितीची घ्यावी?

५० टक्क्यांची. दुकानात गेलात की अंगणाच्या मांडवासाठी लोक नेतात ती ७५ किंवा ९० टक्क्यांची गडद नेट पुढे करतात. तिच्याखाली माणसाला बरं वाटतं, भेंडी मात्र उजेडाच्या शोधात काडीसारखी उंच होते आणि फुलत नाही.

सकाळचं ऊन झाडांना हवंच. म्हणून नेट अशी बांधा की पूर्वेकडून दहा-अकरापर्यंत ऊन येईल आणि दुपारी डोक्यावर व पश्चिमेला आड होईल. झाडाच्या शेंड्यापासून दोन-तीन फूट वर असावी, टेकलेली नको. शेंडा नेटला टेकला की तिथेच भाजतो.

गाठी सुटतील अशा मारा, हे मी नुकसान सोसून सांगते. एका एप्रिलमध्ये संध्याकाळी वावटळ आणि मागोमाग गारा आल्या. नेट मी तारेने चारही बाजूंनी पक्की आवळली होती. ती शिडासारखी फुगली आणि दोडक्याचा भरलेला मांडव बांबूंसकट उपटून शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेला. तार नसती तर नेटच तेवढी गेली असती.

पश्चिमेच्या गरम वाऱ्यासाठी नेटपेक्षा तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कुड चांगला. वारा अडतो, पण पूर्ण कोंडत नाही. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, फुकट मिळतात म्हणून त्यांचा कुड करू नका. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि आसपासच्या कपाशीला तुम्ही विकतचं दुखणं देता.

आच्छादन कशाचं?

जे फुकट मिळेल त्याचं. वाळका पाला, गव्हांडा म्हणजे गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट. तीन इंचाचा थर पुरे. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी आच्छादनातून थेट खोडावर चढते. नारळाच्या शेंड्या मऊ करून घातल्या तरी चालतात, पण आमच्याकडे नारळ देवापुरता येतो, त्याच्या शेंड्यांनी वाफा भरत नाही.

दुपारी पानं लोळतात. लगेच पाणी घालू का?

थांबा. दुपारी दोन वाजता काकडीचं, दुधीचं पान लोळणं हे बहुतेक वेळा रडणं नसून झोप असते. मुळं शोषतात त्यापेक्षा पानांतून पाणी जास्त उडतं, म्हणून झाड पानं खाली लोंबवून ऊन चुकवतं. संध्याकाळी सहाला पुन्हा पाहा. पानं ताठ झाली असतील तर काही करायचं नाही. सकाळीही लोळलेलीच असतील तर मातीत बोट घाला. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तर पाणी द्या. ओल असूनही लोळत असेल तर मूळ कुजलं आहे, आणि वरून आणखी पाणी घालून तुम्ही त्याला बुडवता आहात.

वेलाला फुलंच फुलं, फळ एक नाही!

उष्णता वाढली की वेल नर फुलं जास्त काढतात. शिवाय कडक उन्हात मधमाश्या फिरकत नाहीत. मग त्यांचं काम आपण करायचं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाला नुसता बारीक देठ. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा.

वेळ पाळणं मात्र महत्त्वाचं. काकडी, कारलं, कोहळं यांची फुलं सकाळी लवकर उमलतात, तेव्हा आठच्या आत उरका. दोडकं आणि दुधी संध्याकाळी पाचनंतर उमलतात. सकाळी दहाला दुधीच्या मिटलेल्या फुलाशी झटापट करणारे खूप लोक मी पाहिले आहेत, त्यांत आमचे हेही आले. दुधीची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उघडतात तेव्हा पांढरे पतंग येतात. त्यांना बॅटरी दाखवून हुसकू नका.

काकडी कडू का होते? खाल्ली तर चालते?

पाण्याचा ताण आणि उष्णता यांनी वेल कडू द्रव्य जास्त तयार करतो. ते देठाकडे आणि सालीत अधिक असतं. टोक घासून किती फेस काढला यापेक्षा देठाकडचा दोन बोटं तुकडा कापून टाकणं आणि साल काढणं कामाचं. तरी कडू लागली तर फेका.

दुधीच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि सगळा दुधी टाकून द्या, रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

भेंडीची पानं पिवळी पडून शिरांची जाळी दिसते.

हा हळद्या, विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते. रोगट झाडाला औषध नाही, उपटून लांब नेऊन जाळा किंवा खोल पुरा. पान पिवळं होऊन शिरा हिरव्या राहिल्या असतील तर गोष्ट वेगळी, ती बहुधा लोहाची कमतरता. हळद्यात शिराच पिवळ्या होतात.

बी घेताना 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' मागा. दोन्ही वाणं याच रोगाला तोंड देण्यासाठी काढलेली. आता ती पूर्वीइतकी तगडी राहिलेली नाहीत, तरी अनोळखी बियाण्यापेक्षा बरी.

पानांखाली बारीक जाळं आणि लाल ठिपके दिसतात.

लाल कोळी. कोरडी उष्ण हवा त्याला भारी आवडते. सकाळी लवकर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा, तीन दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा. गंधक मारा असं कोणीतरी सांगेल. ३५ अंशांच्या वर गंधकाने पानंच भाजतात, वेलांची तर नक्कीच.

निंबोळी अर्क घरी करा. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, सुती कापडाने गाळा, चिमूटभर साबण चुरा घाला, ऊन उतरल्यावर फवारा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात, तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवल्या तर पुढच्या उन्हाळ्याला कामी येतात. उन्हाळ्यात आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

गच्चीवर कुंड्यांत जमेल?

जमेल, पण जमिनीपेक्षा दुप्पट कष्ट. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी बाहेरून चटका देते, आत मुळं शिजतात. कुंड्यांना बाहेरून चुना लावा, खाली दोन विटा ठेवा, सगळ्या एकमेकींना चिकटवून मांडा म्हणजे एकीची सावली दुसरीला. भेंडीला निदान १५ लिटर माती हवी. दोडक्याला त्याहून मोठी. पाणी दिवसातून दोनदा लागेल, हे मनाशी ठरवूनच सुरुवात करा.

सांबार (कोथिंबीर) उगवतच नाही.

कोथिंबिरीला आपला मे मानवत नाही. तरी हवाच असेल तर धणे चपलेने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि वेलाच्या मांडवाखाली पेरा, वर ओलं पोतं. मोड दिसले की पोतं त्याच संध्याकाळी काढा. वीतभर झाला की लगेच उपटा, फुलावर जायला त्याला वेळ लागत नाही.

खत कधी, किती?

फेब्रुवारीत पेरतानाच चांगलं कुजलेलं शेणखत, चौरस मीटरला दोन-तीन किलो. ओलं शेण नको. भर उन्हाळ्यात युरिया टाकून झाड हिरवंगार करायचा मोह टाळा. कोवळा पाला वाढतो, त्याला पाणी जास्त लागतं आणि मावा, तुडतुडे त्याच्यावरच येतात.

वानरं, पाखरं, विंचू?

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही. ढेमशी त्यांना आवडतात, आणि कारली ते चाखून टाकून देतात. बुलबुल आणि खारी बऱ्याचदा तहानेपोटी काकडीला चोच-दात लावतात. कडुनिंबाखाली पाण्याचं पसरट भांडं ठेवायला लागल्यापासून टोचलेली फळं कमी झाली.

विंचवाचं मात्र गंभीरपणे घ्या. उन्हाळ्यात ओलसर, गार आच्छादन त्यालाही हवंच असतं. आच्छादन हाताने उचलू नका, खुरप्याने उलटा. चप्पल घालूनच वाफ्यात जा, मुलांना अंधारात पाठवू नका.

नवतपा लागला. आता काय करू?

२५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस. या दिवसांत नवीन काही लावू नका, छाटू नका, खत घालू नका. सकाळी पाणी, दुपारी नेट, संध्याकाळी एक फेरी. जी झाडं थकली असतील ती काढून टाका आणि वाचलेलं पाणी वांग्या-मिरच्यांना द्या.

वांग्याचं जुनं झाड मरतुकडं दिसलं तरी उपटू नका. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीपासून वीतभर ठेवून कापा आणि बुडाशी घमेलंभर शेणखत घाला. आमची गेल्या वर्षीची दोन झाडं अशीच कापली होती. कापलेल्या खोडावर आधी नुसती जांभळट गाठ दिसली, आठवड्याने तिथून तीन फांद्या निघाल्या. पोळ्याच्या आसपास भरीत झालं.